डेमेट्रिकसाठी जामीन

वेंडेल क्रॅडकनं आपला लाल तारा डेमेट्रिक ओटवेलच्या नावाच्या पट्टीवर चिकटवला, तेव्हा खोलीतल्या एकानंही मान वर केली नाही. कुणी कॉफी ढवळत होतं, कुणी फोनमध्ये डोकं खुपसून बसलं होतं. वेंडेल दोन पावलं मागं सरला, पसंतीच्या क्रमानं पोरांच्या पट्ट्या लावलेल्या भिंतभर फळ्याकडं बघितलं आणि मनातल्या मनात म्हणाला, चला, लावला एकदाचा.

फेरीमेन संघाची ही जुनी रीत. देशभर भटकून कॉलेजातले अमेरिकी फुटबॉलचे, चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचे, गडी पारखणारी जी माणसं संघानं पदरी ठेवली होती, त्या प्रत्येकाला वर्षाला एकच तारा. शेकडो पोरं बघायची, त्यांच्या मास्तरांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून विचारून भंडावायचं, आणि शेवटी एकाच्याच नावावर तो लावायचा. तारा म्हणजे ‘याच्यासाठी मी जामीन’. पोरगा चमकला तर तुझं नाव, बुडाला तर त्याच्याबरोबर तूही बूड. वेंडेलनं गेली काही वर्षं तारा खिशातच ठेवला होता. ‘मनात भरेल असं कुणी दिसलंच नाही,’ असं तो चारचौघांत सांगायचा. खरं म्हणजे म्हाताऱ्याची तंतरली होती. या धंद्यात करार ड्राफ्ट, म्हणजे नव्या पोरांची निवड, उरकेपर्यंतचा. मे महिना उजाडला की साठीच्या पुढच्या माणसाला गोड बोलून, केक कापून घरी पाठवतात. आणि घरी बसून करण्यासारखं वेंडेलला दुसरं काही येत नव्हतं. त्याची बायको लोरीन म्हणायची, ‘याला गवत कापता येत नाही, गवत कसं वाढतंय तेवढं सांगता येतं.’

ड्राफ्ट एप्रिलअखेर. सगळे संघ आळीपाळीनं एकेक पोरगा उचलणार, आणि आदल्या हंगामात ज्यानं सर्वांत जास्त मार खाल्ला त्याचा पहिला हात. तीन दिवस हा खेळ चालतो. पहिल्या दिवशी उचललेल्या पोराच्या पिढ्या बसून खातात. दुसऱ्या दिवशीचा आईला पक्कं घर बांधून देतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलंसुरलं उचलतात. त्या पोरानं आज हाकलतात का उद्या, एवढंच बघत भाड्याच्या खोलीत राहायचं. त्याआधी पोरांना चड्डीवर व्यासपीठावर उभं करतात. हात किती लांब, पंजा किती रुंद, सगळं मोठ्यानं वाचून दाखवतात आणि खाली बसलेली पोट सुटलेली माणसं टिपून घेतात. गुरांच्या बाजारात निदान बैलाला वैरण तरी घालतात. वेंडेलनं आयुष्य यात घालवलं होतं आणि तरी दर वर्षी तिथं त्याची नजर खाली जायची.

त्याची स्वतःची पद्धत वेगळी. चेंडू जिकडं, तिकडं तो बघायचाच नाही. शिट्टी वाजल्यावर पोरगा काय करतो ते बघायचा. टॅलबॉट कॉलेजच्या मैदानावर त्यानं डेमेट्रिकला पहिल्यांदा बघितलं ते असंच. डेमेट्रिक बचावफळीच्या मागं उभा राहणारा गडी. समोरच्याची चाल आधी ओळखायची आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला लोळवायचं, हे त्याचं काम. एका काटकुळ्या पोराला त्यानं असं आडवं केलं की पाहणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. शिट्टी झाली. डेमेट्रिकनं त्याच पोराच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, त्याच्या हेल्मेटच्या जाळीत अडकलेलं गवत काढलं, पाठीवर थाप मारली. आणि पुढच्याच चालीत पुन्हा तसाच लोळवला. वेंडेल एकटाच हसला. असा पोरगा भेटायला नशीब लागतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

एकच खोट होती. अख्खा ऑक्टोबर पोरगा मैदानावर नव्हता. कॉलेज म्हणालं, उजवा खांदा निखळला. पण परत आला त्या पहिल्याच दिवशी वेंडेलनं त्याला बघितलं, तर गडी त्याच खांद्यावर पाण्याचं भरलं पिंप टाकून चालला होता. निखळल्या खांद्याचा माणूस दोन महिने शर्ट घालतानाही शिव्या देतो. वेंडेल समजला, पाणी कुठं तरी मुरतंय.

म्हणून तो बेलोनाला गेला. मिसिसिपीतल्या त्या सपाट मुलखात, कापसाच्या रानाच्या कडेला, ओटवेलांचं छोटं पांढरं घर. डेमेट्रिकची आई, मिस व्हर्नेल, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. पोरगा कुणावर गेलाय ते दारातच कळत होतं. तिनं कॅटफिश तळायला घेतला होता, मक्याचा पाव काढून ठेवला होता आणि साखर ओतलेल्या थंड चहाचा जग टेबलावर आदळला होता.

“बसा, मिस्टर वेंडेल. तुमच्यासारखे चौघे येऊन गेले. सगळे एकच विचारतात, पोरगा लहानपणी मारकुटा होता का. मी सांगते, होता; पण फक्त माझ्या हातचा मार खायचा.”

वेंडेल मनापासून हसला. मासा संपवला, बोटं पुसली, मग हळूच म्हणाला, “मिस व्हर्नेल, राग मानू नका. खांद्याला काही झालंच नव्हतं ना?”

झारा कढईवरच थांबला. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. डोळे आहेत मला.”

“डोळे सगळ्यांना असतात. तोंड कुणाला आवरतं, ते बघायचं असतं.”

“मला आवरतं.”

तिनं गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली. मग एका दमात सगळं सांगितलं, बहुतेक कुणाला तरी सांगायची वाटच बघत होती बिचारी. थोरला पोरगा जार्विस सप्टेंबरात गेला. नदीच्या बांधावरून ट्रक खाली कोसळला. डेमेट्रिकनं त्याला खांदा दिला, दुसऱ्या दिवशी सरावाला गेला, आठवडाभर सगळं ठीक. आणि एका सकाळी इथंच घरी, कपडे-बूट घालून न्हाणीघरातल्या कोरड्या टबात जाऊन बसला, तो उठेचना. जेवण नाही, बोलणं नाही. ओडेल म्हणून कॉलेजचा जुना माणूस, पोरांची दुखणीखुपणी बघणारा. त्यानं धावत येऊन, टबात उतरून पोराला लहान बाळासारखं उचललं, स्वतःच्या गाडीत घातलं आणि जॅक्सनच्या मनाच्या आजारांच्या इस्पितळात नेलं. खांद्याची कथा त्यानंच रचली. महिन्याभरानं पोरगा परतला, हसायला लागला, खेळायला लागला.

“तुमच्या धंद्यात हे कळलं तर संपलं,” मिस व्हर्नेल म्हणाली. “पाय मोडलेला चालतो तुम्हाला. मन मोडलं की लगेच माल नासका. बाहेर ओडेलला ठाऊक आणि आता तुम्हाला. तिसरा कान नको.”

“या टेबलाबाहेर जाणार नाही. शब्द देतो.”

तिनं उठून त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. “खा मग,” म्हणाली.

वेंडेलनं तो शब्द खरंच पाळायचा ठरवला होता. हे सांगितलंच पाहिजे, नाही तर माणसाला उगाच राक्षस केल्यासारखं होईल. पण चांगल्या माणसाचा घात त्याच्या हुशारीनंच होतो.

तारा लावल्यावर दुसऱ्या दिवशी एकेका पोराची चर्चा सुरू झाली. टेबलाच्या टोकाला संघाचा कारभारी प्रेस्टन केहो बसला होता. वेंडेलचा मुलगा शोभेल अशा वयाचा, पण सगळ्यांशी इतकं अदबीनं बोलायचा की समोरच्याला आपला गळा कापला गेल्याचं घरी गेल्यावर कळावं. त्याच्या शेजारी ट्रेंट विंकलर, आकडेमोड करणारा. याला मैदानावरच्या गवताची ॲलर्जी होती, हे खोटं नाही.

“ओटवेल,” विंकलर म्हणाला. “ऑक्टोबरात गायब. खांदा म्हणे. आमच्या डॉक्टरनं खांदा तपासला, लहान बाळाचा असतो तसा कोरा करकरीत. म्हणजे पोरगा कामचुकार. भाऊ मेला, सुट्टी हवी होती, घेतली. मऊ आहे.”

“मऊ?” वेंडेल म्हणाला. “त्यानं लोळवलेल्या पोरांना विचारून ये.”

“वेंडेलदादा, तुमचा तारा म्हणून तुम्हाला गोड लागणारच. मी पुरावा मागतोय. दुखापत नाही, मग होता कुठं? बीचवर?”

दोघे-तिघे हसले. केहो हसला नाही; तो फक्त फळ्याजवळच्या माणसाला म्हणाला, “पट्टी खाली घ्या. खूप खाली.”

त्या माणसानं पट्टीला हात घातला, आणि वेंडेलच्या डोक्यात तिडीक गेली. पोराची बदनामी होतेय म्हणून गेली, आणि या दीडशहाण्या पोरांपुढं आपण खोटे पडतोय म्हणूनही गेली. निम्मं डेमेट्रिकसाठी, निम्मं स्वतःसाठी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“हात काढ तिथून!” तो ओरडला. “कामचुकार? भावाला पुरून आला तो पोरगा, आणि मोडला. टबात बसला, उठेना. इस्पितळात होता महिनाभर, जॅक्सनला. आणि तिथून उठून आला, आणि उरलेला हंगाम असा खेळला की तुझ्या आकड्यांना तोंड लपवायला जागा नाही. मोडून सांधलेला माणूस कसा असतो, कळतं तुला? तुझं आयुष्यात कधी पेन्सिलीचं टोक तरी मोडलंय का?”

विंकलरची मान खाली गेली. केहोनं मात्र मान जरा तिरकी केली.

“हे आणखी कुणाला ठाऊक आहे, वेंडेल?”

“कुणालाच नाही. आई आणि तो दुखणी बघणारा. मी शब्द दिलाय, प्रेस्टन. हे खोलीबाहेर जाता कामा नये.”

“अर्थात,” केहो म्हणाला. “पट्टी होती तिथं राहू द्या. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा संघ आहे.”

त्या दिवशी वेंडेल हवेत चालत घरी गेला. लोरीनला म्हणाला, ‘पोराला वाचवला.’ शब्द मोडल्याचं त्याला बोचत होतं, नाही असं नाही. पण ते भल्यासाठीच होतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही.

एप्रिलच्या मध्याला तो अलाबामात एका कॉलेजच्या चाचणीला गेला. सकाळी हमरस्त्यावरच्या खानावळीत डब लॅसिटर भेटला. डब दुसऱ्या संघाचा पारखी. दोघांनी उभी हयात एकमेकांच्या शेजारी बसून, एकमेकांपासून कागद झाकत काढली होती. अंडी आली, डबनं त्यावर तिखट सॉस ओतला आणि म्हणाला, “तुझ्या ओटवेलला आमच्या फळ्यावरून काढला, लेका. वाईट वाटलं मला. पोरगा आवडला होता.”

वेंडेलचा काटा हातातच राहिला. “का काढला?”

“वेड्यांच्या इस्पितळात होता म्हणे. टबात बसून राहतो, बोलत नाही. आमचा कारभारी म्हणाला, असली ब्याद नको.”

“कुठून कळलं त्याला?”

डब चावायचा थांबला. त्यानं वेंडेलकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. “अरे देवा. तुला खरंच ठाऊक नाही? तुमच्याच घरातून आलंय, वेंडेल. केहोनं स्वतः फोन केला आमच्याकडं. इकडचं तिकडचं बोलून, जाता जाता सोडून दिलं. आमच्याकडंच नाही, बऱ्याच ठिकाणी. मी आमच्या साहेबाला म्हटलं, ही जुनी चाल आहे, त्यांना पोरगा स्वस्तात हवाय म्हणून नासका म्हणतायत. पण तो म्हणाला, असेलही, पण खरं निघालं तर माझी नोकरी जाईल.” त्यानं पाव ताटात टाकला. “तुझा तारा होता ना त्याच्यावर? तिथंच मेला तो. तू ज्याला तारा लावतोस, तो पोरगा चांगलाच असतो हे सगळ्या गावाला ठाऊक. केहोला तर पक्कं ठाऊक.”

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आणि कुंपण कुणी दाखवलं होतं, तर वेंडेलनं.

तो तडक परतला आणि केहोच्या खोलीत घुसला. केहोनं उठून दार लावलं, त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

“तुम्ही पोराला विकलंत,” वेंडेल म्हणाला.

“हळू बोला. विकला कुठं? विकत घेतोय.” केहो शांतपणे समोर बसला. “वेंडेल, तुम्ही त्याच्यावर तारा लावला नसता, तर मी त्याच्यासाठी एक फोनही फिरवला नसता. ही तुमच्या नजरेला दिलेली दाद आहे. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी तो गेलाच असता, आणि आमचा हात यायच्या आत गेला असता. आता तिसऱ्या दिवशी आपल्याकडंच येईल. तुम्हाला पोरगा हवा होता, मिळेल. पोराला संघ हवा, मिळेल. कुणाचं काय बिघडलं?”

“त्याच्या आईचं घर बिघडलं. त्याचं नाव बिघडलं. आयुष्यभर लोक त्याला टबातला पोरगा म्हणतील.”

“खेळला तर विसरतील.” केहोनं घड्याळाकडं बघितलं. “आणि एक सांगू? मी काही खोटं सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं तेवढंच सांगितलं. बरं, ड्राफ्टनंतर तुमच्या कराराचं बोलायचंय. माझ्या मनात दोन वर्षांचा आहे. लोरीनना नमस्कार सांगा.”

वेंडेलला राजीनामा तोंडावर फेकता आला असता. बाहेर येऊन सगळ्या संघांना फोन करता आले असते की बाबांनो, पोरगा हिऱ्यासारखा आहे, ही आमचीच करणी आहे. तो गाडीत जाऊन बसला, फोन काढला, आणि चावी फिरवून घरी गेला. दोन वर्षांचा करार. दुधारी सुरी अशी मध लावून दिली की माणूस जीभ लावतोच. असल्या माणसाला भला म्हणायचं की नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. मला तर त्याचा संतापच येतो.

दोन दिवसांनी टीव्हीवर एक टाय लावलेला गडी चेहरा लांब करून म्हणाला की टॅलबॉटच्या ओटवेलच्या ‘मानसिक अवस्थेबद्दल’ अनेक संघांना शंका आहे. तासाभरात फोन वाजला. मिस व्हर्नेल.

“मिस्टर वेंडेल, हे कसं फुटलं?” ती म्हणाली. “पोरगा खोलीचं दार लावून बसलाय. मला न्हाणीघरात जाऊन जाऊन बघावं लागतंय.”

हीच वेळ होती. आत्ता खरं सांगितलं असतं, तर तिनं चार शिव्या घातल्या असत्या आणि गोष्ट तिथंच संपली असती. वेंडेलनं तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते असं, “कॉलेजातूनच फुटलं असणार, मिस व्हर्नेल. ही माणसं कुणाच्या ना कुणाच्या खिशात असतात. मी तरी कुणाचं नाव घेत नाही.”



“ओडेल?” ती म्हणाली.

“मी नाव घेतलं नाही,” वेंडेल म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोर आपण ओढला नाही म्हणून सांगायची सोय.

पुढचं वेंडेलला नंतर डबनं सांगितलं. डेमेट्रिक कॉलेजात गेला आणि सगळ्या पोरांसमोर ओडेलच्या तोंडावर थुंकला. म्हाताऱ्यानं तोंड पुसलं आणि पोराच्या घोट्याला पट्टी बांधायला तो गुडघ्यावर बसला, तर पोरानं पाय ओढून घेतला. वेंडेलला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. लोरीन म्हणाली, ‘ताण घेऊ नकोस, होईल सगळं नीट.’

ड्राफ्टचा दुसरा दिवस उजाडला. डेमेट्रिकच्या पट्टीच्या वरच्या पट्ट्या एकेक निघत गेल्या, त्यानंतर खालच्याही निघाल्या. त्याची तिथंच. टीव्हीवर मधूनच बेलोनाचं ते घर दाखवत होते. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, चर्चमधल्या बायका मोठमोठ्या टोप्या घालून बसलेल्या, टेबलावर केक, आणि मधोमध डेमेट्रिक नव्या सुटात, गुडघ्यावर फोन ठेवून. जो संघ पोराला उचलतो तो आधी त्याला फोन करतो, म्हणून. फोन वाजला नाही. एकदा वाजला, सगळं अंगण उठून उभं राहिलं, तर कुणा मावशीचा होता, लागलं का काही म्हणून विचारायला.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, फेरीमेनचा हात आला. वेंडेल म्हणाला, “प्रेस्टन, आता घ्या. पुरे झालं.”

“कुणी घेत नाहीये. मग घाई कशाला?” केहो म्हणाला, आणि त्यानं नुसती चेंडूला लाथ मारण्यापुरता मैदानात उतरणारा एक गडी उचलला.

पुढचा हात आला, तेव्हाही तो थांबला. टीव्हीवरचं अंगण रिकामं होत चाललं होतं. टोप्या घातलेल्या बायका ताटं झाकून नेत होत्या. डेमेट्रिकनं कोट काढून खुर्चीवर टाकला होता आणि तो समोर रानाकडं बघत बसला होता. तो कसा बसलाय, ते वेंडेलला बघवेना. असं बसणं त्यानं कधी बघितलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ऐकलं होतं.

“प्रेस्टन, हात जोडतो,” वेंडेल म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. “त्याला काही झालं तर?”

“तुम्हीच म्हणालात ना, मोडून सांधलेला आहे?” केहो म्हणाला. ते त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, तेच वाईट होतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

अगदी शेवटच्या फेरीत, जवळजवळ शेवटच्या हाताला, केहोनं मान हलवली. “ओटवेल,” म्हणाला, आणि फोन उचलून वेंडेलपुढं धरला. ज्याचा तारा, त्यानं पोराला कळवायचं, हीही इथली रीतच. “लावा. हा तुमचा क्षण आहे.”

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“डेमेट्रिक? वेंडेल क्रॅडक बोलतोय. फेरीमेनकडून.”

पलीकडं हुंदका, आणि मग पोरगा ओरडलाच. “मम्मा! फेरीमेन! मिस्टर वेंडेल! मला वाटलंच होतं, तुम्हीच असणार! सगळ्यांनी पाठ फिरवली, एकानं फोन केला नाही. तुम्ही नाही सोडलंत मला. त्या ओडेलचं तोंड मी जन्मात बघणार नाही, पण तुमच्यासाठी हाडं मोडेपर्यंत खेळेन, देवाशपथ. तुम्ही म्हणाल तिथं, म्हणाल तसं. थांबा, मम्माला देतो, ती कधीची हात पुढं करून उभी आहे.”

अंगणातला गलका ऐकू आला. मग पावलं, एक दार लागल्याचा आवाज, आणि गलका बंद झाला.

“मिस्टर वेंडेल.”

“अभिनंदन, मिस व्हर्नेल.”

“काल रात्री, पोरगा झोपल्यावर, ओडेल आला होता,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. “माझ्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. त्याला मी न्हाणीघरात माझ्या पोराला उचलताना बघितलंय, तो माणूस खोटं बोलत नाही. मग उरलं कोण? मी आणि तुम्ही. मी तर बोलले नाही.”

खोलीतले सगळे त्याच्याकडं हसत बघत होते, म्हणून तोही हसतच उभा राहिला.

“पोराला मी सांगितलं नाही. सांगणारही नाही. भाऊ गेला त्याचा, ओडेलला त्यानं स्वतःच्या हातानं तोडलं. आता तो तिकडं परक्या गावात येणार, आणि त्याला वाटतंय तिथं आपलं एक माणूस आहे. ते खोटं निघालं तर तो पुन्हा त्या टबात जाऊन बसेल, आणि या वेळी उचलायला ओडेल नसेल. म्हणून तुम्ही आता त्याचं माणूस व्हायचं, मिस्टर वेंडेल. त्याला घ्यायला तुम्हीच जायचं. तो तुमच्या गळ्यात पडेल. तुम्ही नजर चोरायची नाही. रविवारी जेवायला बोलवायचं, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. वर्षानुवर्षं. खोटं बोलणं तुम्हाला जमतं, ते मी बघितलं. आता ते जन्मभर बोला.”

तिनं फोन ठेवला. वेंडेलनं तो आणखी थोडा वेळ कानाशी धरला आणि मग टेबलावर ठेवला.

“काय म्हणते आई?” केहोनं विचारलं.

“पोराला विमानतळावर घ्यायला मीच जावं म्हणते.”

“अरे वा, मग जा की,” केहो मायेनं म्हणाला आणि त्यानं वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला. “इथं तुमच्याशिवाय त्याचं आहे कोण?”